काळ्या पित्ताची रजा

एकनाथ भोसेकरांना जो रोग झाला त्याचं नाव त्याआधी सोलापुरात कुणी ऐकलं नव्हतं, आणि नंतर महिनाभर गिरणीच्या चाळीत दुसरं काही ऐकू आलं नाही. प्लेग, पटकी, मानमोडी हे ओळखीचे रोग. ते येतात, आपापली माणसं घेतात आणि जातात. त्यांच्याशी कसं वागायचं हे लोकांना ठाऊक असतं. एकनाथरावांचा रोग ग्रीस देशातून आला होता. हा देश कुठं आहे ते चाळीत कुणालाच माहीत नव्हतं, पण तिथली हवा वाईट असणार याबद्दल एकमत होतं.

खरं सांगायचं तर एकनाथरावांना रोग नकोच होता. त्यांना चार दिवसांची रजा हवी होती.

त्यांची बायको यशोदा गेल्या माघात वारली. तापानं अंथरूण धरलं म्हणून तिला मंगळवेढ्याला आईकडं पोचवलं होतं, आणि तिथंच ती गेली. मूलबाळ नव्हतं. भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच गोष्ट सांगितली, की बाई भाग्याची, कपाळावर कुंकू घेऊन गेली, नवऱ्याच्या आधी गेली. एकनाथराव मान डोलवायचे. तिच्या भाग्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण या भाग्याच्या गोष्टीत मागं राहिलेला जो नवरा, तो इथंच समोर बसला आहे, हे कुणाच्या लक्षात येत नसे.

आता वर्ष भरत आलं होतं. सासूबाई मथुराबाईंनी बाजाराला आलेल्या एका गावकऱ्याकडून निरोप धाडला: "पोरीचं वरीस माझ्या दारात घाला. मला मोटारीत बसवत न्हाय, न्हायतर मीच आले असते. एवडं करा, मग काय बी मागायची न्हाय."

यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. माघ वद्य पंचमीला मंगळवेढ्यात असायचं, एवढंच काम. एकनाथराव दुसऱ्या दिवशी रजा मागायला गेले, आणि तिथून सगळं सुरू झालं.

ते एका कापडगिरणीच्या घडी खात्यात कारकून होते. गिरणीचं नाव सांगत नाही; ज्यांनी तिथं नोकरी केली त्यांना ते कळेलच, आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. घडी घातलेल्या धोतरांवर, लुगड्यांवर शिक्का मारायचा, गठ्ठे बांधून घ्यायचे, असं त्यांचं काम. खात्याचे हेडक्लार्क आबासाहेब. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. आबासाहेब नियमानं वागत.

"रजा कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"घरच्यांचं वर्ष आहे."

"म्हणजे त्या वारल्या ना? आठवतंय की मला. तेव्हा मी तुम्हाला रजा दिली होती."

"दिली होती."

"मग?"

"आता वर्षाची हवी आहे."

आबासाहेबांनी चष्मा काढला. नियम सांगायचा असला की ते चष्मा काढत. नियम त्यांना पाठ असत. "हे बघा भोसेकर, गिरणीत रजेची कारणं तीन. मयत, लग्न आणि आजार. मयताची एकदाच मिळते. तुमच्या मंडळींच्या नावावर ती एकदा लागली. आता पुन्हा लावली तर साहेब मला विचारील, की आबासाहेब, ही बाई मरते तरी किती वेळा?"

 एकनाथराव तसेच उभे राहिले. आबासाहेबांना दया आली.

"आजारी पडा की," ते म्हणाले. "त्यात काय एवढं? डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मी सही करतो."

दुसरा कुणी असता तर सरळ पोट धरून दवाखान्यात गेला असता. पण खोटं बोलायचं म्हटलं की एकनाथरावांचे कान लाल होत, आणि लाल कानांच्या माणसाला कुठला डॉक्टर पोटदुखी देणार? म्हणून त्यांनी ठरवलं, की जे आहे तेच सांगायचं आणि त्यातून काय आजार निघतो ते पाहायचं. नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर डॉक्टर कासेगावकरांचा नवा दवाखाना होता. डॉक्टर तरुण होते, पुस्तकं पुष्कळ होती आणि रोगी थोडे होते, त्यामुळं ते प्रत्येकाला वेळ देत.

"काय होतंय?"

"काही होत नाही," एकनाथराव म्हणाले. "हीच तक्रार आहे."

"भूक?"

"खानावळीत जातो. पान वाढतात. मग उठून येतो."

"झोप?"

"येते. पण उठल्यावर उपयोग झाला असं वाटत नाही."

"संध्याकाळी काय करता?"

"भिंतीकडं बघत बसतो."

हे खरं होतं. चुलीच्या शेजारच्या भिंतीवर तेलाचा एक डाग होता. यशोदा भाकरी संपल्या की तिथं पाठ टेकून बसायची, आणि तिचं डोकं भिंतीला लागायचं. वर्षानुवर्षं लागून लागून तिथं वाटीएवढा तेलकट गोल उमटला होता. ती असताना एकनाथराव त्यावरून तिला बोलत, की भिंत खराब होते. आता त्यांना संध्याकाळी बघायला तेवढंच होतं. डॉक्टरांना हे सांगितलं नाही. भिंत म्हटलं, पुरे झालं.

डॉक्टर एकदम खूश झाले. हरवलेली किल्ली सापडल्यासारखे खुर्चीतून उठले, कपाटातलं जाड पुस्तक काढलं आणि म्हणाले, "मेलँकोलिया!"

"म्हणजे काय?"

"उदासी. खिन्नता. पण शब्द किती जुना आहे बघा! ग्रीक लोकांचा. मेलास म्हणजे काळं, खोले म्हणजे पित्त. माणसाच्या अंगात चार रस असतात अशी त्यांची समजूत. त्यातलं काळं पित्त वाढलं की माणूस जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडं बघत बसतो. दोन हजार वर्षं लोकांनी हे खरं मानलं. मग शरीर कापून पाहिलं तर काळं पित्त कुठंच सापडेना! आता पित्त गेलं, शब्द तेवढा राहिला."

"असं होतं खरं," एकनाथराव म्हणाले. "जाणारं जातं, नाव राहतं."

डॉक्टरांनी इंग्रजीत सर्टिफिकेट लिहून दिलं, आणि उपाय म्हणून हवापालट व चांगली संगत असं खाली लिहिलं. एकनाथराव जिना उतरले तेव्हा त्यांना वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं. आपल्याला काय होतंय त्याला नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ग्रीक माणूस असाच भिंतीकडं बघत बसला होता, आणि लोकांनी त्याला ऊठ म्हणण्याऐवजी त्या बसण्याला नाव दिलं होतं. शहाणे लोक असावेत.

हे बरं वाटणं चाळीच्या नळापर्यंत टिकलं. तिथं शेजारच्या गोजाबाई घागर लावून उभ्या होत्या. गोजाबाईंना चाळीतल्या प्रत्येकाच्या पोटात काय आहे ते माहीत असे, आणि नसेल तर त्या विचारत.

"काय म्हनला डाक्टर?"

इथं एकनाथरावांनी चूक केली. 'काही नाही' म्हटलं असतं तर हकीकत इथंच संपली असती. पण ते खरं बोलणारे पडले. म्हणाले, "काळं पित्त झालंय म्हणतात."

गोजाबाईंची घागर भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. "अगं बया! काळं?"

पित्त ही सोलापुरात घरची गोष्ट आहे. इथलं तिखट, इथलं ऊन आणि इथली शेंगांची चटणी खाऊन ज्याला पित्त होत नाही तो माणूस परगावचा समजावा. पिवळं पित्त सगळ्यांना होतं. हिरवं पडलेलंही लोकांनी पाहिलं होतं. काळं मात्र नवीन होतं, आणि ते पहिल्यांदा आपल्या चाळीत निघालं याचा गोजाबाईंना थोडा अभिमानही वाटला असावा. दिवेलागणीपर्यंत त्या मोरावळ्याची बरणी घेऊन दारात हजर झाल्या.

"सकाळच्या पारी एक आवळा. अन् चटनी बंद. आतापास्नं बंद!"

"गोजाबाई, मला पित्त नाही. तो शब्द जुना आहे, ग्रीक लोकांची समजूत—"

"कुनाचीबी असंना. समजूत म्हटलं तरी पोट जळतंयच की."

मागोमाग कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार चन्नप्पा आला. तो अक्कलकोटकडचा, मराठी कानडीच्या चालीवर बोलायचा. त्यानं आमसुलं, सुंठ आणि गुलकंद अशा तीन पुड्या आणल्या.

"अय्यो एकनाथराव, काळा पित्त म्हंजे लई बेकार की हो! आमच्या काकाला झालतं की."

"काय झालं त्यांचं?"

"गेला की."

"पित्तानं?"

"नाही हो. विहिरीत पडला. पण पित्त होतं की नाही?"

नंतर कुणी म्हणालं, पिवळं ते पोटातलं आणि काळं ते बाहेरचं, तेव्हा कुणीतरी केलेलं असणार. कुणी दारावर लिंबू आणि बिबा बांधला. कुणी शनिवारी तेल घालायला सांगितलं, कारण काळं तेवढं शनीचं. एकनाथराव प्रत्येकाला सांगून बघत होते, की मला उदास वाटतं, बायको गेली म्हणून वाटतं, यात पित्ताचा संबंध नाही. लोक ऐकून घेत. मग एकमेकांकडं बघत, आणि त्यातला वयस्कर माणूस हळू आवाजात म्हणे, "डोक्यात चढलंय."

गंमत अशी, की उदासीला कुणी एक घोट पाणीही विचारलं नव्हतं. दुखवट्याला आलेले लोक परतल्यावर वर्षभर या माणसाच्या दारात कुणी पाच मिनिटं टेकलं नव्हतं. पित्त झालं म्हणताच घरात उभं राहायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी सर्टिफिकेट वाचलं. शब्द तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. "म्हणजे काय हे?"

एकनाथरावांनी अर्थ सांगितला, उगम सांगितला, ग्रीक लोकही सांगितले. आबासाहेबांचा चेहरा पडला. मग ते हळूहळू रागावले.

"पित्त? भोसेकर, पित्ताची रजा मागता? मला लग्नापासून पित्त आहे. मी कधी घरी बसलो? डोकं फुटायला येतं, तरी या खुर्चीत असतो!" त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं जे सोसलं त्याला रजा मिळते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "आणि पित्तातलं डॉक्टरला काय कळतंय? पित्त आपलं आहे. वैद्याचं लिहून आणा."

म्हणून वैद्य वेणीमाधवशास्त्री. शास्त्रीबुवांनी नाडी धरली, जीभ पाहिली, आणि काळं पित्त हे शब्द ऐकताच हात सोडून दिला.

"काळं पित्त आमच्या ग्रंथांत नाही. हजारो वर्षांत कुणाला दिसलं नाही ते त्या पोराला नव्या पेठेत दिसलं?"

"त्यांनाही दिसलेलं नाही," एकनाथराव म्हणाले. "नाही असंच ते म्हणतात."

"नाही ना? मग औषध कशाचं देतो तो?"

"औषध दिलं नाही. हवापालट सांगितली."

"बघा! रोग नाही, औषध नाही, नुसतं नाव. याला म्हणतात विलायती विद्या. मी तुम्हाला नाव सांगत नाही. पित्त काढून दाखवतो."

त्यांनी काळसर रंगाचं एक चूर्ण दिलं. ते पहाटे कोमट पाण्यातून घ्यायचं होतं. त्यानंतरच्या गोष्टी सविस्तर सांगण्यासारख्या नाहीत. चाळीचे संडास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला होते आणि एकनाथरावांचं घर अलीकडच्या टोकाला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. गिरणीच्या सुट्टीचा दिवस होता; सगळ्या चाळीनं दिवसभर ओट्यावर बसून पाहिलं, की हा आयुष्यात कधी न पळालेला, कोट-टोपीशिवाय घराबाहेर न पडलेला कारकून हातात तांब्या घेऊन पळतो आहे, येतो आहे आणि पुन्हा पळतो आहे. पहिल्यांदा लोक हसले. दुपारी हसायचे थांबले. संध्याकाळी कुणाच्या तरी तोंडून 'पटकी' हा शब्द निघाला.

इकडं वैद्यांनी लिहून दिलं: पित्त निःशेष गेलं, प्रकृती उत्तम. एकनाथराव भिंतीला धरून धरून गिरणीत गेले आणि तो कागद आबासाहेबांपुढं ठेवला. आबासाहेबांनी तो वाचून त्यांचा हात हातात घेतला.

"अभिनंदन! बरे झालात. आता रजेचं कारणच राहिलं नाही."

आणि त्या दिवशी सुट्टी होऊन ते घरी आले तेव्हा दारात चुन्याच्या बादल्या होत्या. पटकीची ओरड गिरणीपर्यंत गेली होती, आणि चाळ गिरणीची असल्यामुळं चाळीचा मुकादम कोंडीबा याला हुकूम झाला होता, की भोसेकरांच्या खोलीला आतून चुना मार. कोंडीबा कामाचा माणूस. तो कोपरापर्यंत पांढरा झाला होता आणि स्वतःवर खूश होता.

"या एकनाथराव! बगा कशी झाली खोली. नवरदेवाची दिसतीय."

एकनाथराव चुलीशी गेले. भिंत वरपासून खालपर्यंत पांढरी होती.

"हितं लई घाण झालती बगा," कोंडीबा मागून म्हणाला. "तेलाचा डाग व्हता. निघंना. वरनं चुना मारला तरी पुन्ना दिसायचा. मग विटकरीनं घासला, तवा गेला."

"बरं केलंत," एकनाथराव म्हणाले.

त्या संध्याकाळी ते रोजच्या जागी बसले. भिंत ओली होती, चुन्याचा वास येत होता. गोजाबाई मोरावळ्याची बरणी परत न्यायला आल्या. आत डोकावल्या आणि बरणी न घेताच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी एकनाथरावांनी गिरणीत हिरव्या लुगड्यांच्या एका अख्ख्या गठ्ठ्यावर शिक्का उलटा मारला. मारताना लक्षात आलं नाही. बांधायच्या वेळी कामगारांवर देखरेख करणाऱ्या जॉबरनं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. आबासाहेबांनी बोलावलं तेव्हा त्यांना वाटलं, आता नोकरी जाणार. पण आबासाहेब रागावलेले नव्हते. ते डॉक्टरांचं जुनं सर्टिफिकेट पुन्हा वाचत बसले होते.

"बसा भोसेकर. हे खाली काय लिहिलंय? हवापालट आणि चांगली संगत. संगत म्हणजे काय, समजलं का तुम्हाला?"

"नाही."

"अहो, डॉक्टर तरुण आहे, लाजला. स्पष्ट लिहिलं नाही. दुसरं लग्न करा म्हणतोय तो!"

 आबासाहेबांनी चष्मा काढला.

"आणि लग्नाची रजा नियमात आहे. आठ दिवस, पगारी! मला आधीच कसं सुचलं नाही? वर्षही होतंय, लोकही काही बोलणार नाहीत. तुम्हाला कुठं जायचं होतं म्हणालात?"

"मंगळवेढ्याला."

"कुणाच्या घरी?"

"मथुराबाईंच्या. सासूबाई माझ्या."

"अस्सं! आणि मुलगी?"

"त्यांचीच."

"म्हणजे मेव्हणी! वा, वा. घरातलंच झालं. नाव काय मुलीचं?"

"यशोदा."

"आणि पहिलीचं?"

"तेच."

आबासाहेब एक क्षण थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "म्हणजे लग्नात नाव बदलायलाही नको!"

यात एकनाथराव एक अक्षर खोटं बोलले नव्हते. कान लाल झाले नव्हते. आठ वेळा खरं बोलून चार दिवस मिळाले नव्हते, आणि आता गप्प बसून आठ मिळत होते. तिथी परवावर आली होती. ते उठले, नमस्कार केला आणि निघाले.

पण लग्न ही गप्प बसून उरकण्याची गोष्ट नाही. खात्यातल्या लोकांनी आहेर केला. एकनाथरावांना जरीकाठी फेटा आणि नवरीला हिरवं लुगडं. लुगडं गिरणीचंच होतं, उलट्या शिक्क्याच्या गठ्ठ्यातलं. डागी म्हणून ते स्वस्तात मिळालं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चन्नप्पानं खोबऱ्याची वाटी आणि साखर दिली. "बायको आली की पित्त बसतो बगा," तो म्हणाला. गोजाबाईंनी औक्षण केलं. कपाळावर कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. लावताना त्यांनी एकनाथरावांच्या तोंडाकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "खरंच लगीन हाय न्हवं?"

"जाऊन येतो," एकनाथराव म्हणाले.

मोटारीच्या स्टँडवर आबासाहेब स्वतः पोचवायला आले होते. त्यांनी पुढची जागा मिळवून दिली. अशा रीतीनं एकनाथ भोसेकर डोक्यावर तुऱ्याचा फेटा, कपाळी मळवट आणि मांडीवर हिरवं लुगडं घेऊन आपल्या बायकोच्या वर्षश्राद्धाला निघाले.

मोटारीत शेजारी बार्शीचा एक धान्याचा व्यापारी बसला होता. त्यानं वरून खालपर्यंत पाहून घेतलं.

"नवरदेव एकटेच? वऱ्हाड कुठंय?"

"पुढं गेलंय."

"आणि नवरी?"

"ती सगळ्यांच्या आधी गेली."

"हे बरं झालं," व्यापारी म्हणाला. "नाहीतर आयत्या वेळी खोळंबा होतो."

मंगळवेढ्याला उतरून एकनाथराव गावाबाहेरच्या रानाची वाट चालायला लागले. ज्वारी डोक्याएवढी उभी होती, कणसं भरली होती. मथुराबाईंचं घर रानातच होतं. त्या दारात दाणे पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली. फेटा पाहिला, कुंकू पाहिलं, अक्षता पाहिल्या, मग हातातलं लुगडं पाहिलं. सूप खाली ठेवलं.

"बरं केलंत, जावईबापू," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "किती दिस एकटं ऱ्हानार मानूस? पर तसंच कळवायचं हुतं. वरीस मी घातलं असतं कुनाकडनं तरी. कवा हाय?"

"काय?"

"लगीन."

तेव्हा एकनाथराव फेट्यासकट तिथं मातीतच बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आबासाहेब सांगितले, डॉक्टर सांगितले, चन्नप्पाचा विहिरीत पडलेला काका सांगितला. वर्षात पहिल्यांदा कुणी त्यांना मधे न थांबवता बोलू देत होतं. वैद्यांचं चूर्ण आलं तेव्हा मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला. "अन् संडास पल्याडच्या टोकाला?" त्यांनी विचारलं, आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. एकनाथरावही हसले. मग भिंतीचा चुना आला, आणि दोघंही हसायची थांबली.

"तितं बसायची व्हय माझी पोर?" मथुराबाई म्हणाल्या.

"रोज."

"हितंबी तशीच बसायची. लई बोलले मी तिला. भित खराब व्हती म्हनून."

पंचमीला वर्ष घातलं. बाई कुंकवानिशी गेली असली की तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात, तिला लुगडं नेसवतात, ओटी भरतात. सवाष्ण म्हणून यशोदाची लहानपणची मैत्रीण सोजरबाई आली होती. मथुराबाईंनी साधं पातळ आणून ठेवलं होतं. ते त्यांनी बाजूला केलं आणि गिरणीच्या लोकांनी नवरीसाठी दिलेलं हिरवं लुगडं सोजरबाईच्या हातात दिलं.

"नवरीचंच हाय," त्या म्हणाल्या. "तिलाच लागू द्या."

सोजरबाई ते नेसून बाहेर आली, पानावर बसली. पदर डोक्यावरून पाठीवर पडला होता. पदराच्या टोकाला गिरणीचा शिक्का होता. एकनाथरावांनी मुद्दाम पाहिलं. तो उलटा मारलेला शिक्का पाठीवर सुलटा पडला होता, स्पष्ट वाचता येत होता. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ते पानावर बसले, आणि वर्षात पहिल्यांदा जेवून उठले.

दुपार कलल्यावर दोघं दारात बसली. पाहुणे गेले होते.

"आता तितं जाऊन काय सांगनार?" मथुराबाईंनी विचारलं. "नवरी कुटं हाय म्हनतील."

"सांगीन, मुलगी पसंत पडली नाही."

"नगं, तसं नगा सांगू," त्या लगेच म्हणाल्या. "माझ्या पोरीला नावं ठेवल्यावानी हुईल. सांगा, तिनंच न्हाय म्हटलं."

"बरं. तसं सांगतो."

 मग मथुराबाईंनी विचारलं, "त्या डाक्टरनं काय नाव घातलं म्हनलात रोगाला?"

एकनाथरावांनी नाव सांगितलं. ते आता त्यांना पाठ झालं होतं.

"म्हंजे?"

"काळं पित्त. तिकडच्या लोकांना वाटायचं, माणसाच्या आत काळं काहीतरी साठतं, त्यानं तो असा होतो. आता कुणी मानत नाही."

"कुटं साठतंय?"

"पोटात."

मथुराबाईंनी आपला हात पोटावर ठेवला. बराच वेळ ठेवला. त्या समोरच्या काळ्या रानाकडं बघत होत्या.

"का मानत न्हाईत?" त्या म्हणाल्या. "हितंच तर हुती ती."

एकनाथरावांनी पायाशी पडलेला एक दाणा उचलला.

"म्हंजे मलाबी त्योच रोग हाय की, जावईबापू. तुमाला आठ दिस तरी मिळालं. मला कोन रजा देनार?"

ज्वारीवर पाखरांचा थवा उतरला. मथुराबाईंनी गुडघ्यावर हात टेकला, उठल्या, कोनाड्यातली गोफण घेतली आणि रानातल्या राखणीच्या माळ्याकडं चालू लागल्या. एकनाथरावांची रजा अजून शिल्लक होती. त्यांनी फेटा उंबऱ्यावर काढून ठेवला, बांधावरचे खडे ओंजळीत गोळा केले आणि त्यांच्या मागून गेले.